स्वतंत्र पॉवर-आज्ञा आणि युनिव्हर्सल रिमोट

स्वतंत्र पॉवर-आज्ञा : टीव्ही, एव्ही रिसीव्हर, प्रोजेक्टर, डिस्क प्लेअर यांसारखे उपकरण फक्त चालू करणारा किंवा फक्त बंद करणारा रिमोटचा संकेत. बहुतेक रिमोटवर पॉवरचे एकच बटण असते. ते दाबले की बंद उपकरण चालू होते आणि चालू असलेले बंद होते. आलटून पालटून काम करणाऱ्या या संकेताला टॉगल म्हणतात. स्वतंत्र आज्ञांत ‘चालू’साठी एक संकेत असतो आणि ‘बंद’साठी दुसरा. चालू असलेल्या टीव्हीला ‘चालू’ची आज्ञा दहा वेळा दिली तरी तो चालूच राहतो. एका बटणावर सगळे होम थिएटर सुरू करायचे असेल, तर युनिव्हर्सल रिमोटच्या प्रोग्रॅमिंगचा पाया हाच आहे. रिमोटची किंमत, त्याचा टचस्क्रीन, बटणांची संख्या या गोष्टी त्यानंतर येतात.

गरज का पडते : अवरक्त किरणांवर चालणाऱ्या रिमोटचे बोलणे एकतर्फी असते. पुढच्या टोकाचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो. उपकरणाने तो टिपला की नाही हे रिमोटला कळत नाही. एकच उपकरण हाताळताना त्याने काही अडत नाही, कारण पडदा उजळला का ते माणूस पाहतो आणि गरज पडल्यास पुन्हा बटण दाबतो. अडचण सुरू होते ती मॅक्रोमध्ये, म्हणजे एका बटणाखाली अनेक आज्ञा रचून ठेवल्यावर. ‘सिनेमा’ हे बटण दाबताच रिमोट टीव्ही, रिसीव्हर आणि ब्लू-रे प्लेअर यांना ओळीने पॉवरचे संकेत पाठवतो. नेमके तेव्हा कोणी समोरून गेले किंवा रिमोटचे तोंड खाली वळले, तर एखादा संकेत हुकतो. समजा, रिसीव्हर बंद राहिला आणि बाकीची दोन उपकरणे सुरू झाली. तेच बटण पुन्हा दाबले की रिसीव्हर सुरू होतो, पण टीव्ही आणि प्लेअर बंद पडतात. टॉगलवर बांधलेला मॅक्रो असा एकदा उलटा पडला की कितीही वेळा दाबून सरळ होत नाही. शेवटी उठून एकेका उपकरणाचे बटण हाताने दाबावे लागते. घरातली वयस्कर माणसे असा रिमोट दोन-तीनदा फसला की बाजूला ठेवतात, आणि ‘त्यांना जमत नाही’ असे म्हटले जाते. हा त्यांच्यावर अन्याय आहे. चूक मॅक्रो रचणाऱ्याची असते.

वीज वारंवार जाते तिथे हा प्रश्न आणखी बिकट होतो. महाराष्ट्रातल्या अनेक गावांना आणि शहरांच्या कडेच्या वस्त्यांना हे वेगळे सांगायला नको. वीज परत आल्यावर काही उपकरणे स्टँडबायमध्ये थांबतात, तर काही आपोआप सुरू होतात. त्यातच सेट-टॉप बॉक्स इन्व्हर्टरवर आणि मोठा टीव्ही थेट विजेवर असेल, तर वीज गेली की एक चालू आणि दुसरा बंद, अशी स्थिती होते. कोण चालू आहे याची नोंद स्वतःच्या स्मृतीत ठेवणाऱ्या रिमोटलाही या घडामोडीचा पत्ता नसतो. स्वतंत्र आज्ञेला आधीची स्थिती माहीत असण्याची गरजच पडत नाही.

संकेताची रचना : या आज्ञा उपकरणांत आधीपासून असतात का, हे समजण्यासाठी संकेताच्या आत डोकवावे लागते. जपानच्या एनईसी कंपनीची पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे. तिच्यात प्रकाश ३८ किलोहर्ट्झ वारंवारतेने लुकलुकतो. आरंभी ९ मिलिसेकंदांचा झोत, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता, आणि त्यानंतर ३२ बिट येतात : ८ बिट उपकरणाच्या पत्त्याचे, ८ त्याच पत्त्याच्या उलट प्रतीचे, ८ आज्ञेचे आणि ८ आज्ञेच्या उलट प्रतीचे. आज्ञेला ८ बिट म्हणजे २५६ आज्ञांची जागा. रिमोटवर बटणे मात्र जेमतेम चाळीस-पन्नास. उरलेल्या क्रमांकांपैकी काही रिकामे असतात आणि काहींमध्ये कारखान्यातील चाचणीच्या, दुरुस्तीच्या व व्यावसायिक जोडणीच्या आज्ञा ठेवलेल्या असतात. स्वतंत्र पॉवर-आज्ञा बहुधा तिथेच सापडतात.

काही क्रमांक आता सर्वज्ञात आहेत. सोनीच्या पद्धतीत वारंवारता ४० किलोहर्ट्झ आणि आज्ञा ७ बिटांची असते. तिच्या टीव्हींसाठी २१ हा टॉगलचा क्रमांक, ४६ ‘चालू’चा आणि ४७ ‘बंद’चा. सॅमसंगच्या अनेक टीव्हींत टॉगल २, ‘चालू’ १५३ आणि ‘बंद’ १५२ आहे; एलजीच्या अनेक मॉडेलांत हेच क्रमांक अनुक्रमे ८, १९६ आणि १९७ असे आहेत. सोबतच्या रिमोटवर यांतले फक्त टॉगलचे बटण दिसते. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीतही ‘टॉगल बिट’ नावाचा एक बिट असतो, पण त्याचा पॉवरशी संबंध नाही. बटण दाबून धरले आहे की सोडून पुन्हा दाबले आहे, हे उपकरणाला कळावे म्हणून तो प्रत्येक नव्या दाबणीला बदलतो. नवशिके या दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात.

आज्ञा मिळवण्याचे मार्ग : लर्निंग रिमोट मूळ रिमोटसमोर धरला की त्याचा संकेत टिपून घेतो. पण जे बटण मूळ रिमोटवर नाही ते शिकवणार कोण? म्हणूनच केवळ शिकण्याच्या सोयीवर विसंबून स्वतंत्र आज्ञा हाती लागत नाहीत. पहिला मार्ग म्हणजे युनिव्हर्सल रिमोटचा तयार संग्रह. त्यात ‘पॉवर टॉगल’, ‘पॉवर ऑन’, ‘पॉवर ऑफ’ अशी वेगवेगळी नावे दिसली तर काम झाले. रिसीव्हर आणि प्रोजेक्टर बनवणाऱ्या अनेक कंपन्या व्यावसायिक जोडणी करणाऱ्यांसाठी संकेतांच्या सारण्या प्रसिद्ध करतात. त्या पाहणे हा दुसरा मार्ग. या सारण्यांत संकेत बहुधा प्रोंटो हेक्स या लिपीत दिलेला असतो. १९९८ मध्ये फिलिप्सने आणलेल्या प्रोंटो या टचस्क्रीन रिमोटमुळे ही लिपी रूढ झाली. चार-चार षोडशमान अंकांचे गट, पहिला गट संकेताचा प्रकार सांगणारा, दुसरा वारंवारता सांगणारा. दुसऱ्या गटात ००६डी दिसले की ती ३८ किलोहर्ट्झ समजावी. प्रोंटोचे उत्पादन २०१० मध्ये थांबले, तरी ही लिपी आजही बहुतेक प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरला कळते.

तिसरा मार्ग चिकाटीचा. संगणकाला जोडलेल्या एलईडीतून किंवा वाय-फायवर चालणाऱ्या अवरक्त प्रक्षेपकातून ० ते २५५ आज्ञा एकेक करून पाठवायच्या आणि उपकरण काय करते ते लिहून ठेवायचे. युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने बनवलेल्या, वन फॉर ऑल नावाने विकल्या जाणाऱ्या रिमोटांत जेपी१ नावाची सहा पिनांची जोडणी असे. तिच्यातून रिमोटची स्मृती वाचता व बदलता येते, हे हौशी मंडळींच्या लक्षात आले आणि अनेक छुप्या आज्ञा त्यांनी उजेडात आणून सर्वांसाठी खुल्या केल्या. हे काम मोलाचे आहे. ते करताना एक धोका मात्र लक्षात ठेवावा : मधल्या क्रमांकांत दुरुस्ती-मेनू उघडणाऱ्या आज्ञाही असतात आणि तिथले मूल्य चुकून बदलले तर चित्राची जुळणी बिघडू शकते. अनोळखी मेनू दिसताच काहीही न दाबता उपकरणाचा वीजपुरवठा बंद करावा.

मॅक्रोची मांडणी : आज्ञा मिळाल्या तरी त्यांचा क्रम आणि मधली उसंत महत्त्वाची असते. रिसीव्हर ‘चालू’ची आज्ञा घेतल्यावर जागा व्हायला काही सेकंद घेतो आणि तेवढ्या वेळात इनपुट बदलण्याची आज्ञा ऐकत नाही. म्हणून आधी सर्व उपकरणांना ‘चालू’, मग थोडे थांबणे, मग इनपुट, असा क्रम ठेवावा. इनपुटलाही स्वतंत्र आज्ञांचाच न्याय लागू आहे. एचडीएमआय १, एचडीएमआय २ यांसाठी वेगळ्या आज्ञा शोधाव्यात. यादीतून पुढे-पुढे सरकणारे बटण मॅक्रोत घालू नये. सोनीची उपकरणे एकच संकेत किमान तीनदा आल्याशिवाय सहसा दाद देत नाहीत, हेही ध्यानात असावे. वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर असेल तर तो सर्वांत शेवटी चालू आणि सर्वांत आधी बंद करावा, म्हणजे स्पीकरमध्ये धक्क्याचा आवाज येत नाही.

प्रोजेक्टरचे वागणे निराळे असते. अनेक प्रोजेक्टरांत बंद करण्यासाठी बटण दोनदा दाबावे लागते. पहिल्या दाबणीला पडद्यावर खात्री करणारा प्रश्न येतो. दिवा तापत किंवा निवत असताना ते कोणतीही आज्ञा घेत नाहीत. ‘बंद’ची आज्ञा एक-दोन सेकंदांच्या अंतराने दोनदा पाठवणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे, आणि स्वतंत्र आज्ञा असल्यामुळेच तो निर्धास्तपणे करता येतो.

स्वतंत्र आज्ञा नसतील तर : काही टीव्ही बंद असताना अंकांचे बटण दाबले तरी सुरू होतात आणि चालू असताना त्याच बटणाने फक्त चॅनेल बदलतो. अशा टीव्हीसाठी अंकाचे बटण हीच ‘चालू’ची आज्ञा. ‘बंद’साठी आधी अंक, मग काही सेकंदांची उसंत, मग टॉगल पाठवावा; टीव्ही आधी कोणत्याही स्थितीत असला तरी शेवटी बंदच होतो. ही युक्ती साधी आहे आणि आजही उपयोगी पडते. अनेक रिसीव्हरांच्या मागे १२ व्होल्टचा ट्रिगर असतो. रिसीव्हर चालू असेपर्यंत तिथे दाब राहतो आणि त्यावर ॲम्प्लिफायर किंवा खाली येणारा पडदा चालवता येतो. वीज मोजणारा स्मार्ट प्लग टीव्ही चालू आहे का ते सांगू शकतो, पण त्याच प्लगने वीजच तोडून उपकरण बंद करणे योग्य नाही. दिव्याच्या प्रोजेक्टरला पंखा फिरवून निवायचे असते आणि ओएलईडी टीव्ही पडद्याची देखभाल स्टँडबायमध्ये करतो.

इतिहास आणि आजची स्थिती : युजीन पॉली यांचा झेनिथ फ्लॅश-मॅटिक १९५५ मध्ये आणि रॉबर्ट ॲडलर यांचा ध्वनिलहरींवरचा स्पेस कमांड १९५६ मध्ये आला, तेव्हा घरात नियंत्रण करण्याजोगे उपकरण एकच होते. व्हीसीआर आणि केबलने रिमोट वाढवले. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक यांच्या सीएल ९ या कंपनीने १९८७ मध्ये कोअर हा शिकू शकणारा रिमोट आणला. मुंबईत २०१२ मध्ये आणि पुणे-नागपुरात २०१३ मध्ये केबलचे डिजिटलीकरण सक्तीचे झाले, तेव्हा मराठी घरांत टीव्हीच्या शेजारी सेट-टॉप बॉक्सचा दुसरा रिमोट कायमचा आला.

लॉजिटेकने २००४ मध्ये कॅनडातील एक कंपनी विकत घेऊन तिची हार्मनी ही युनिव्हर्सल रिमोटांची मालिका वाढवली. हार्मनी प्रत्येक उपकरणाची स्थिती स्मृतीत ठेवत असे आणि गडबड झाली तर ‘टीव्ही चालू झाला का?’ असे विचारणारे मदतीचे बटणही त्यावर होते. त्यातही स्वतंत्र आज्ञा भरल्या की ते बटण क्वचितच लागे. एप्रिल २०२१ मध्ये उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले.

एचडीएमआय केबलमधील सीईसी ही वाहिनी (पिन १३) आता बरेच काम परस्पर करते. तिच्यात स्टँडबायची वेगळी आज्ञा आहे आणि उपकरणाला त्याची स्थिती विचारताही येते. ॲनिनेट+, ब्राव्हिया सिंक, सिंपलिंक ही तिचीच कंपन्यांनी ठेवलेली नावे. पण प्रत्येक कंपनीची अंमलबजावणी थोडी वेगळी असल्यामुळे नको तेव्हा नको ते उपकरण जागे होण्याचे प्रकार घडतात. सीईसी आणि मॅक्रो दोन्ही एकाच वेळी पॉवर हाताळू लागले तर गोंधळ वाढतो. एकाकडेच हे काम सोपवावे. सर्वांत भरवशाचा मार्ग नेटवर्क किंवा आरएस-२३२ या तारेचा आहे. पीजेलिंक या प्रोजेक्टरांच्या मानक पद्धतीत पॉवरच्या आज्ञेला १ जोडला तर चालू, ० जोडला तर बंद. स्थिती विचारली तर ० स्टँडबाय, १ चालू, २ निवत आहे, ३ तापत आहे, असे उत्तर येते. दुसरीकडे फायर टीव्ही स्टिक, प्लेस्टेशन ४ आणि ५ यांना अवरक्त संकेत कळतच नाही. तिथे सीईसी किंवा ब्लूटूथच हवे.

कंपन्यांनी या आज्ञा प्रत्येक माहितीपुस्तिकेत छापल्या पाहिजेत. त्यासाठी लागते ती फक्त एक ओळ. तोवर ग्राहकाने नवे उपकरण घेण्याआधी त्या मॉडेलची संकेत-सारणी उतरवून घ्यावी आणि तिच्यात ‘पॉवर ऑन’ व ‘पॉवर ऑफ’ अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत का ते पाहावे. एकच ‘पॉवर’ लिहिलेले असेल आणि नेटवर्कवरून नियंत्रणाची सोयही नसेल, तर दुसरे मॉडेल पाहणे श्रेयस्कर.