रुग्णालयीन औषधालयातील सुरक्षा व गुणवत्ता मानके

रुग्णालयीन औषधालयातील सुरक्षा व गुणवत्ता मानके म्हणजे रुग्णालयात औषधांची खरेदी, साठवण, वितरण व वापर करताना पाळावयाचे नियम आणि कार्यपद्धती होत. योग्य रुग्णाला योग्य औषध, योग्य मात्रेत, योग्य मार्गाने व योग्य वेळी मिळावे आणि ते शुद्ध व मुदतीतील असावे, हा या मानकांचा उद्देश आहे. भारतात यांपैकी काही नियम कायद्याने बंधनकारक आहेत. काही अधिस्वीकृती घेणाऱ्या रुग्णालयांना लागू होतात.

जे.जे. रुग्णालयातील दुर्घटना

इ.स. १९८६ च्या सुरुवातीस मुंबईतील सर जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या १४ रुग्णांचा मृत्यू झाला. कवटीतील किंवा डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी हे औषध वापरले जात असे. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन मिसळलेले होते व त्यामुळे रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली. हे रसायन ग्लिसरीनप्रमाणेच रंगहीन, दाट व गोडसर असल्याने भेसळ नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील चाचणीच करावी लागते. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आयोगाने औषधखरेदी, रुग्णालयाचा कारभार आणि औषध नियंत्रण यांतील गंभीर त्रुटी दाखवून दिल्या. पुरवठादाराचा परवाना पाहणे, प्रत्येक बॅचचे चाचणी प्रमाणपत्र घेणे आणि कोणत्या बॅचचे औषध कोणत्या वॉर्डात गेले याची नोंद ठेवणे किती आवश्यक आहे, हे या घटनेवरून दिसते. अशी नोंद असल्यास सदोष बॅच तातडीने परत मागवता येते.

कायदेशीर चौकट

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० व त्याखालील १९४५ चे नियम औषधांची निर्मिती, विक्री व वितरण यांचे नियमन करतात. महाराष्ट्रात त्यांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. फार्मसी कायदा, १९४८ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे आहे. अनुसूची ‘एच१’ मधील औषधांची नोंद स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. अनुसूची ‘एक्स’ मधील औषधे कुलूपबंद ठेवावी लागतात. मॉर्फिनसारख्या औषधांना अमली पदार्थविषयक १९८५ चा कायदाही लागू होतो.

साठवण

इन्सुलिन व बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. शीतकपाटाच्या तापमानाची नियमित नोंद केली जाते, कारण उष्णतेप्रमाणेच गोठण्यानेही ही औषधे निकामी होऊ शकतात आणि तो बदल अनेकदा बाहेरून दिसत नाही. ज्या साठ्याची मुदत आधी संपणार असेल तो आधी वापरला जातो. मुदतबाह्य औषधे वेगळी काढून त्यांची नियमानुसार विल्हेवाट लावतात.

उच्च जोखमीची औषधे

ज्या औषधांच्या वापरातील लहानशी चूकही प्राणघातक ठरू शकते, त्यांना उच्च जोखमीची औषधे म्हणतात. संहत पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेत गेल्यास हृदय बंद पडू शकते. म्हणून ते सर्वसाधारण वॉर्डात न ठेवण्याची पद्धत आहे. कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन केवळ शिरेतूनच द्यावयाचे असते. ते चुकून पाठीच्या कण्यातून दिल्यास रुग्ण सहसा वाचत नाही. हा धोका टाळण्यासाठी ते सिरिंजऐवजी लहान पिशवीत तयार करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. इन्सुलिन आणि हेपारिन यांची मात्रा देण्यापूर्वी दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे पडताळणी करणे अपेक्षित असते. दिसण्यात किंवा उच्चारात सारखी असलेली औषधे एकमेकांपासून दूर ठेवून त्यांवर ठळक खुणा लावतात.

वितरण

औषध देण्यापूर्वी औषधनिर्माता चिठ्ठीवरील नाव, मात्रा, ॲलर्जी आणि इतर औषधांशी होणारी आंतरक्रिया तपासतो. चिठ्ठी अस्पष्ट असल्यास अंदाजाने औषध न देता डॉक्टरांकडून खात्री करून घेणे बंधनकारक मानले जाते.

त्रुटींची नोंद व अधिस्वीकृती

औषधांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करणारा भारतीय औषधसतर्कता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगात आहे. राष्ट्रीय रुग्णालय अधिस्वीकृती मंडळाच्या (एनएबीएच) मानकांमध्ये औषध व्यवस्थापनावर स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी लक्षात आलेल्या चुकांचीही नोंद करणे उपयुक्त असते. मात्र शिक्षेच्या भीतीने कर्मचारी चुका लपवू लागल्यास कार्यपद्धतीतील दोष तसाच राहतो. म्हणून अशा नोंदींचा उपयोग दोषारोपाऐवजी सुधारणेसाठी करावा, असे रुग्णसुरक्षेचे तत्त्व आहे.