सालमपंजा

हिमालयातील औषधी आमर (ऑर्किड). शास्त्रीय नाव डॅक्टिलोऱ्हायझा हाताजिरिया, कुल ऑर्किडेसी. सुमारे २,५०० ते ५,००० मीटर उंचीवरच्या ओलसर कुरणांत ही बहुवर्षायू ओषधी वाढते. उत्तराखंडातील ‘फुलों की घाटी’तही ती आढळते. जून-जुलैत सरळ दांड्यावर जांभळट गुलाबी फुलांचा दाट तुरा येतो. जमिनीतला मांसल कंद तीन ते पाच बोटे फुटलेल्या पंजासारखा दिसतो, त्यावरून हे नाव. गढवालात हिला हत्ताजडी, नेपाळात पाँचऔंले म्हणतात.

कंदात स्टार्च आणि ग्लुकोमॅनन हे बुळबुळीत, पाण्यात फुगणारे द्रव्य असते. आयुर्वेद, युनानी व तिबेटी वैद्यकात तो बल्य मानला जातो. भुकटी दुधातून देतात, जखमेवरही लावतात. माणसांवरील चाचण्यांचा पुरावा मात्र तोकडाच आहे. कामोत्तेजक म्हणून होणारी जाहिरात त्या पुराव्याला धरून नाही, आणि अशा जाहिरातीपायी दुर्मिळ वनस्पती खणली जावी हे सर्वस्वी गैर आहे.

औषधासाठी हवा असतो तो कंदच, आणि झाडाचा जीवही त्यातच असतो. दरवर्षी जुन्या कंदाशेजारी नवा कंद तयार होतो व पुढच्या मोसमाचा अंकुर त्यातून फुटतो. हा कंद काढला की झाड संपले. बियांकडून ही तूट सहजी भरून निघत नाही. धुळीसारख्या बारीक बियांत अन्नसाठा नसतो, रुजायला मातीतल्या अनुरूप बुरशीची साथ लागते आणि रोप फुलावर यायला काही वर्षे जातात. बी पिकण्याआधीच खणणी झाली, तर तोही मार्ग खुंटतो. गुरांच्या चराईची भर वेगळीच.

इतर ऑर्किडांप्रमाणे हिचाही आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ करारान्वये नियंत्रित आहे. नेपाळात ती गोळा करण्यास बंदी आहे. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तिची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी झाली. कंदाच्या तुकड्यांपासून लागवड करून पाहिली गेली आहे, प्रयोगशाळेत बीही रुजवले गेले आहे. कुरणांवरचा भार हलका व्हायचा तर बाजारात शेतातला कंद यायला हवा. नुसत्या बंदीने चोरटी खणणी थांबत नाही.

बाजारात सालमपंजाप्रमाणेच सालममिश्री या नावाखाली युलोफिया प्रजातीतील आमरांचे कंदही विकले जातात. या प्रजातीतील काही जाती सह्याद्रीत अमरकंद म्हणून ओळखल्या जातात. त्यामुळे हिमालयातला माल आटला की खणणीचा धोका इथल्या रानांपर्यंत पोचतो.