एक रायफल, दोन शौक

कल्याणच्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या वालिदसाहेबांनी इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ बोअरची रायफल घेतली. मुरबाड-शहापूरच्या रानात तिनेच सांबर पाडायचे आणि सुटीच्या दिवशी मातीच्या बांधावर कागद लावून दोस्तांशी नेमबाजीची पैजही तिच्यावरच जिंकायची, असा त्यांचा हिशेब होता. पैसे एकाच रायफलीपुरते होते. दोन शौकांसाठी दोन हत्यारे आणणार कुठून?

असा हिशेब जगात अनेकांना जमला आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटला .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. ती हलकी आणि अचूक होती. तिचे काडतूस मुळात मौजरचे ७ मिलिमीटरचे सैनिकी काडतूस. त्याच काडतुसाने बोअर युद्धात (१८९९-१९०२) इंग्रज शिपायांना लांबून टिपले होते. लांबवर नेमके जाणारे सैनिकी काडतूस शिकारीलाही चालते, हे त्यातून दिसून आले.

मग आपल्याकडे हीच सोय का झाली नाही? उत्तर कायद्यात आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर हिंदी माणसाला परवाना लागे. युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांना त्यातून सूट होती. ज्या जी.आय.पी. रेल्वेने १८५४ साली कल्याण गाठले, तिच्याच स्वयंसेवक रायफल दलात गोरे नोकर सरकारी बंदुकीवर सराव करीत. फौजेची .३०३ मात्र खासगी हाती पडू नये, याची सरकारला फार काळजी. म्हणून .३०३ च्याच घडणीच्या रायफलीला ऑस्ट्रियन मानलिकरचे जुने ८ मिलिमीटरचे काडतूस बसवले गेले. तीच आपली .३१५. तिचा जन्म शिकाऱ्याच्या गरजेतून किंवा नेमबाजाच्या मागणीतून झालेला नाही, सरकारच्या धास्तीतून झाला आहे. स्वातंत्र्यानंतरही हा बंदोबस्त तसाच राहिला.

रानात ती वाईट नव्हती. मऊ टोकाची, सुमारे १६ ग्रॅमची गोळी जवळच्या अंतरावर सांबराला पुरेशी होती. आपल्या घरांत मात्र आणखी एक अट असे. गोळीने जागीच मेलेले जनावर आपल्याकडचे बहुतेक उलेमा हलाल मानत नाहीत. ते तडफडत असतानाच बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवावी लागे. म्हणजे गोळी अशी लागायला हवी की जनावर पडेल, पण शिकारी पोचेपर्यंत श्वास चालू राहील. चाचा सांगतात, वालिद रायफलीआधी सुरीची धार पाहत. (रानडुकराच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता. ते शेतासाठी मारायचे आणि तिथेच सोडायचे.) नेमबाजीची खरी परीक्षा बांधावरच्या कागदापेक्षा इथे जास्त होत असे.

कागदावर मात्र तिची अडचण होई. तिच्या लाकडी दस्त्याचे दोन तुकडे असतात. ठाणे-कल्याणच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, नळीवर दाब येतो आणि मे महिन्यात जुळवलेला नेम ऑगस्टमध्ये सरकतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतला क्षार नळीत राहून ओल धरी, म्हणून बार काढले की त्याच संध्याकाळी उकळते पाणी ओतून मग तेल लावावे लागे. त्यात परवान्यावर वर्षाला ठरावीकच काडतुसे मिळत. नेमबाजाला सरावासाठी शेकडो लागतात. वालिदसाहेबांनी वाचवून वाचवून किती झाडली असतील?

१९५९ च्या शस्त्र कायद्याचे तेरावे कलम मी नंतर वाचले. त्यात या दोन शौकांची वाटणीच करून टाकली आहे. संरक्षण किंवा शिकारीसाठी गुळगुळीत नळीची बंदूक. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला लक्ष्यावरील सरावासाठी .२२ ची रायफल किंवा एअर रायफल. बाकी सगळे ‘योग्य कारण’ पटले तर. .३१५ या बाकीत मोडते.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपली. पण चाचांच्या घरातली रायफल त्याआधीच गेली होती. मे १९८४ मध्ये भिवंडीत दंगल उसळली आणि ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. त्यानंतर मुसलमानाच्या घरात रायफल असणे याचा अर्थच बदलला. शेजारी जिला कालपर्यंत शिकारीची म्हणत, तिच्याबद्दल आज दबक्या आवाजात विचारू लागले. परवाना चोख होता, तरी वालिदसाहेबांनी ती परवानाधारक विक्रेत्याला विकून टाकली. मला या इतिहासात हेच सर्वांत बोचते.

दोन्ही शौक एकाच हत्याराने भागल्याचे एक उदाहरण मात्र मुंबईतच आहे. लहानग्या सालिम अलींच्या मोहल्ल्यात नेमबाजीच्या शर्यती होत. त्यांच्या नात्यातला सोबती इस्कंदर मिर्झा, जो पुढे पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, तो त्यात तरबेज होता. सालिम अलींनी खेळण्यातल्या एअर गनने एक वेगळीच चिमणी टिपली आणि ती ओळखून घेण्यासाठी १९०८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत नेली. तिथून त्यांचे आयुष्य पक्ष्यांकडे वळले.

चाचांची नात आज ठाण्यात १० मीटर एअर रायफलचा सराव करते. २० जूलपर्यंतच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलीला २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. लक्ष्याचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि स्पर्धेत ६० गोळ्या. शिकाऱ्याला पहिली गोळी हवी असते, हिला साठावीही पहिलीसारखीच हवी. एकदा चाचांनी तिची रायफल उचलली. “ही तर आमच्या रायफलीपेक्षा जड!” ते म्हणाले. जड नळी कमी हलते, असे नातीने त्यांना समजावले. मग त्यांनी दहा बार काढले. पहिली गोळी काळ्या वर्तुळात लागली. बाकीच्या नऊ कुठे गेल्या, ते त्यांनी विचारले नाही.