मराठी लघुसंदेशाची मोजदाद

जुलै २०१३ मध्ये बंद झालेल्या भारतीय तारसेवेत मूल्य शब्दांवर आकारले जाई. तिच्या हयातीतच रूढ झालेल्या लघुसंदेशात मात्र शब्द मोजला जात नाही व अक्षरही नाही. मोजली जातात ती संकेतचिन्हे. ही मोजपट्टी मराठीस महाग पडली आहे.

१९८० च्या दशकात युरोपात आखलेल्या या संदेशाचा आवाका १४० बाइटांचा. सात बिटांची रोमन चिन्हे त्यात १६० मावतात. सोळा बिटांची देवनागरी चिन्हे अवघी ७०. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त यांची गणना पृथक् होते. ‘मोसंबी’ या तीन अक्षरांची सहा चिन्हे होतात, ‘क्षेत्र’ या दोन अक्षरांची सात. साहजिकच मोसंबीसाठी प्रसिद्ध असलेल्या जालना जिल्ह्यातील बागाइतदारास मराठीत धाडलेली सूचना लवकर दुभंगते व तिला दोन संदेशांचा आकार पडतो.

पुढे मानकांत भारतीय भाषांसाठी सात बिटांचे तक्ते आले. त्यांत हिंदी व गुजराती आहेत. मराठीच्या नावाचा तक्ता नाही. शिवाय जाळे व ग्राहकाचे यंत्र या दोहोंनी तक्ता स्वीकारल्याविना त्याचा उपयोग होत नाही. म्हणून सेवा रचणाऱ्या तंत्रज्ञास अधिक मूल्य सोसावे लागते, अथवा रोमन लिपीतील मराठी पत्करावी लागते.

हा दुसरा मार्ग स्वस्त असला तरी निर्धोक नाही. रोमन लिपीच्या नित्य लेखनात ‘ल’ व ‘ळ’ यांचा भेद उरत नाही. ‘औषध मुळाला द्यावे’ हे वाक्य ‘औषध मुलाला द्यावे’ असेही वाचता येते. अर्थभेदक वर्ण गाळून वाचविलेल्या मूल्याचा भार अखेर वाचणाऱ्यावर पडतो. सेवेच्या दरपत्रकात तो दिसत नाही.