कधी इलंस, जातलंस कधी?

आमच्या मालवणी मुलखात पाहुण्यानं उंबरठा ओलांडायच्या आत त्याला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, "कधी इलंस?" आणि दुसरा, "जातलंस कधी?" दोन प्रश्नांच्या मधे पाण्याचा तांब्यासुद्धा येत नाही. एकदा पुण्याच्या एका स्नेह्याला मी हौसेनं गावी नेलं होतं. आजीनं दारातच त्याला हे दोन्ही प्रश्न विचारले आणि त्या गृहस्थानं खाली ठेवलेली बॅग पुन्हा उचलली. "चुकीच्या वेळी आलो का हो आपण?" असं तो माझ्या कानात कुजबुजला. त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. अहो, हा प्रश्न अपमानाचा नाही, तो इतिहासाचा आहे!

आता इतिहास म्हटला की सनावळी आलीच. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढायचं मनावर घेतलं, तेव्हा आपण मालवणच्या एका म्हातारीला पुढे आयुष्यभर पुरेल असा प्रश्न देतो आहोत याची त्यांना कल्पना नसणार. आमच्याकडे जमीन जांभ्या दगडाची, भाताचे कोपरे रुमालाएवढे आणि खाणारी तोंडं मात्र गोधडीएवढी. मग घरटी एक-दोन पुरुष मुंबईला गेले, गिरणीत लागले आणि त्यांचं नाव पडलं चाकरमानी. लालबाग-परळच्या एकेका खोलीत पंधरा-वीस गाववाले पाळीपाळीनं झोपायचे आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनीऑर्डर धाडायचे. घरात नसलेल्या माणसाच्या जिवावर घर चालायचं. तो वर्षातून दोनदा यायचा, मे महिन्यात आणि गणपतीला. जो माणूस मुळात जाण्यासाठीच येतो त्याला "जातलंस कधी?" नाही विचारायचं तर काय विचारायचं?

माझे वडीलही असेच गिरणीतले. आमच्या घराण्याच्या इतिहासाचे मी तीन कालखंड पाडले आहेत: आगबोट, एस्टी आणि रेल्वे. शिवकाल, पेशवाई आणि इंग्रजी अमदानी यांत पडला नसेल एवढा फरक या तिघांत पडला, हे माझं प्रामाणिक मत आहे.

आगबोटीचा काळ मी अगदी लहानपणी पाहिला. भाऊच्या धक्क्यावर वडील आधी धावत आत शिरायचे आणि डेकवर पथारी पसरायचे. पथारीच्या चार कोपऱ्यांवर आम्हा चार भावंडांना पेपरवेटसारखं ठेवायचे. बोट सुटली की आई लिंबू नाकाला लावायची आणि ते मालवणपर्यंत काढायची नाही. खरी गंमत पुढेच. मालवणचं बंदर खडकाळ, त्यामुळे बोट बिचारी लांबच उभी राहायची. मग किनाऱ्यावरून होड्या यायच्या. लाट वर आली की होडीही वर यायची, आणि नेमक्या त्या क्षणी खलाशी आम्हाला नारळासारखे खाली सोडायचे. खालचा झेलायचा. माझ्या धाकट्या बहिणीला असं झेलल्यावर तिनं डोळे उघडले, तर समोर सिंधुदुर्ग! "हे आपलं घर?" असं तिनं विचारलं. शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर ज्या किल्ल्याची पायाभरणी केली त्याच्यावर आमच्या घराण्यानं हक्क सांगितल्याचा हा एकमेव प्रसंग.

त्या किल्ल्यात आम्ही कितीदा गेलो? खरं सांगायचं तर पाहुणे आले तेव्हाच. चहूबाजूंना खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, हे कौतुक आम्ही मुंबईच्या शाळेत छाती फुगवून सांगायचो. गावात मात्र आम्हाला उसंत कुठली! मे महिना म्हणजे सुट्टी, हा गैरसमज आजीनं पहिल्याच वर्षी दूर केला होता. मिरग तोंडावर आलेला असायचा. कौलं चाळायची, लाकडं पडवीत रचायची, झापं विणून पडवीला झड बांधायची, रातांबे फोडून सालं वाळत घालायची, आंब्याची साठं राखायची आणि सुकत घातलेल्या बांगड्यांवरचे कावळे हाकायचे. हे शेवटचं खातं माझ्याकडे होतं. शाळेत 'मी सुट्टी कशी घालवली' या निबंधात मी खरं तेच लिहिलं. मास्तरांनी खाली शेरा मारला, 'विषयाला धरून लिहावे'.

पाऊस सुरू झाला की बोटी बंद, त्या नारळीपौर्णिमेनंतरच सुरू व्हायच्या. आजीचा तर त्याच्या आधीही समुद्रावर विश्वास नसे. १७ जुलै १९४७ ला, ऐन गटारी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंवर माणसं गेली. ती बोट आमच्या वाटेवरची नव्हती, पण आजीला सगळा समुद्र एकच. वडील बोटीनं परत निघाले की त्यांचं खुशालीचं कार्ड येईपर्यंत ती मासे खायची नाही. मालवणात मासे न खाणं म्हणजे केवढं मोठं व्रत ते इथल्या माणसालाच कळेल.

गणपतीला मात्र बोट नाही, म्हणून रेल्वेनं कोल्हापूर आणि तिथून फोंडा घाटानं खाली, अशी द्राविडी प्राणायामाची वाट. तरी माणूस पोचायचाच. नागपंचमीला आमच्या घरचा पाट गणपतीच्या शाळेत गेला, की तिकडे परळात वडिलांच्या पोटात दुखू लागे. रजा मिळाली की थांबे, नाही मिळाली तर थेट गावीच थांबे.

पुढे बोटी गेल्या आणि एस्टीची रातराणी आली. घाटातली वळणं सुरू झाली की लिंबू पुन्हा बाहेर. परतीच्या प्रवासात आमच्या सामानात तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, फणस आणि सुके बांगडे असत. यांपैकी बांगड्यांचा कंडक्टरला सुगावा लागू न देणं हे वडिलांचं काम. ते बोचकं ते स्वतःच्या पायाखाली ठेवून झोपेचं सोंग घ्यायचे. एकदा पनवेलच्या सुमारास मागच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, "काका, वास तुमचा की आमचा?" बघतो तर त्यांच्याही पायाखाली बोचकं!

१ मे १९८१ ला सरकारनं रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा काढला. आम्ही जागचे हललो नाही, पण जिल्हा बदलला. वडिलांचा हात पाकिटावर 'जि. रत्नागिरी' लिहिण्यात इतका बसला होता की ते खोडून 'सिंधुदुर्ग' लिहायचे. ते खोडलेलं आजी बोटानं चाचपायची आणि पत्रात काहीतरी वाईट बातमी लपवली आहे असं धरून चालायची.

वाईट बातमी पुढच्याच वर्षी आली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरणीबाहेर पडले. संप लांबला तसे परळ-लालबागचे लोक एक एक करून गावी निघाले. वडीलही आले. मी तेव्हा एका कचेरीत कारकून होतो. दहा दिवसांची रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो.

आता आजीची एक खोड सांगायला हवी. आम्ही दिलेलं उत्तर ती नुसतं ऐकायची नाही. पंचवीस दिवस म्हटलं की चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं पंचवीस रेघा ओढायची आणि रोज संध्याकाळी एक पुसायची. किती तांदूळ सडायचे, किती नारळ उतरवायचे, तिकडे न्यायला काय काय बांधायचं, हे सगळं त्या रेघांवर. तिचं अंदाजपत्रकच ते!

त्या मे महिन्यात आम्ही अंगणात पाय ठेवला. आजीनं विचारलं, "कधी इलंस?" वडील म्हणाले, "आत्ताच." मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. वडिलांनी पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली, खुंटीवर सदरा अडकवला. हे सगळं त्यांनी फार सावकाश केलं. उत्तर काही दिलं नाही. आजी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "रव झिला, पाणी आणतंय."

पाणी आधी आलं, असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं. त्या वर्षी भिंत कोरी राहिली. तीस वर्षं मुलगा घरी कायमचा यावा म्हणून देवाला गाऱ्हाणं घालणारी ही बाई. तो आला तर ती रात्री चुलीपुढे एकटी बसून राहायची. वडील पहाटे गिरणीच्या पाळीच्या वेळेला उठायचे आणि उगाच विहिरीवरून पाणी ओढत बसायचे. पावसाळा तोंडावर नसलेल्या कौलांवरसुद्धा त्यांनी पुढच्या डिसेंबरात दुरुस्ती केली. गिरणीतलं काम त्यांना परत मिळालं नाही. पण आजीनं तो दुसरा प्रश्न त्यांना पुन्हा कधी विचारला नाही.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेवरून थेट गाड्या सुरू झाल्या, तेव्हा ही दोघंही नव्हती. आता कुडाळला उतरलं की तासाभरात घर. २०२१ च्या ऑक्टोबरात चिपीला विमानतळाचं उद्घाटन झालं. म्हणजे आता चौथा कालखंड लिहायला घ्यावा लागणार. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे "जातलंस कधी?" हे आता निघायच्या दोन महिने आधीच ठरवून टाकावं लागतं. आजीला ही पद्धत पसंत पडली असती.

गेल्या मे महिन्यात नातवाला घेऊन गेलो. घर वर्षभर बंद असतं. कुलूप काढायलाच दहा मिनिटं लागली. दारात विचारायला कोणी नव्हतं. नातवानं पडवीत मोबाइल उंच धरून चार दिशांना फिरवला, रेंज मिळेना, आणि तो मला म्हणाला,

"आजोबा, आपण परत कधी जाणार?"

मी म्हटलं, "थांब बाबा, आधी पाणी आणतो."