धोक्याचा बावटा आणि क्षेमाचे पत्र

कोकणपट्टीतील आपल्या समाजाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा पुष्कळ अंशी ताटातुटीचा इतिहास आहे. कर्ती माणसे मुंबईस, वडीलधारी मंडळी गावी आणि मध्ये समुद्र, अशी घरोघरची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ‘येथील क्षेम, तेथील क्षेम कळवीत जावे’ हे पत्रातील वाक्य म्हणूनच केवळ शिष्टाचाराचे नव्हते. समुद्र खवळल्याची वार्ता आली की त्या एका ओळीवाचून दोन्हीकडच्या माणसांना अन्न गोड लागत नसे. या काळजीलाही इतिहास आहे, आणि तो आपल्या तरुण पिढीस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम वादळांच्या ऋतूविषयी. अरबी समुद्रातील चक्रीवादळे बहुधा मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन काळांत उद्‌भवतात. ऐन पावसाळ्यात आकाशाच्या खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांच्या दिशा इतक्या भिन्न असतात की वादळाची घडी नीट बसत नाही. पावसाळ्याच्या अलीकडे व पलीकडे मात्र समुद्र तापलेला आणि वरचे वारे मंद, अशी स्थिती येते. नेमके हेच दोन काळ आपल्या येण्याजाण्याचे! उन्हाळ्याची सुटी, आंब्याचा हंगाम, लग्नसराई, दिवाळी. ज्या दिवसांत माणसे वाटेवर असतात, त्याच दिवसांत वादळ उठते. आपल्या घरांतील काळजीला इतकी धार का, याचे उत्तर यात आहे.

‘सायक्लोन’ हा शब्द कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ साली रूढ केला. परंतु नाव मिळाले म्हणून सूचना मिळू लागली असे नाही. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या वादळात सुमारे साठ हजार माणसे दगावली, तेव्हा सरकारचे डोळे उघडले. पुढील वर्षी त्या बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची व्यवस्था झाली. १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले, आणि १८८० मध्ये मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार आदि पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांना तारेने सूचना जाऊ लागल्या.

तरीही सूचना आणि सुरक्षितता यांत किती अंतर असते, हे १८८८ सालाने दाखविले. ‘वैतरणा’ नावाची आगबोट त्या वर्षीच्या ८ नोव्हेंबर रोजी, दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले असता, कच्छच्या मांडवीहून मुंबईस निघाली. बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला कौतुकाने ‘वीजळी’ म्हणत. तीत लग्नाची वऱ्हाडे होती, मुंबईस मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थी होते. द्वारकेस आणखी उतारू घेऊन, हवा बिघडल्यामुळे पोरबंदरास न थांबता ती पुढे गेली, आणि सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. शोधासाठी बोटी धाडल्या गेल्या. परंतु एक प्रेत वा एक फळीही हाती लागली नाही. पुढे चौकशी झाली, तीत संकटकालीन होड्या व जीवरक्षक साधने अपुरी होती असे आढळून आले. घरच्यांचे दुःख याहून निराळे होते. बोट बुडाली असे सांगणारा एकही माणूस परत आला नाही. तेव्हा वाट पाहणे कोणत्या दिवशी थांबवावे, हेच कोणाला कळेना. काठेवाडात या बोटीची गाणी पुढे कित्येक वर्षे गाइली गेली.

१ एप्रिल १८९८ पासून हिंदुस्थानातील सर्व बंदरांसाठी एकसारख्या खुणा लागू झाल्या. यालाच आपण ‘बावटा’ म्हणतो. दिवसा शंकूच्या व पिंपाच्या आकाराच्या खुणा, रात्री तांबडे व पांढरे दिवे. पहिले दोन बावटे दूरवरच्या वादळाचे, तिसरा व चौथा बंदरास इशारा देणारे, पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे. अकराव्याचा अर्थ सर्वांहून विलक्षण आहे: हवामान कचेरीशी संपर्क तुटला! अर्थात वार्ता न येणे हीच सर्वांत गंभीर वार्ता, असे या पद्धतीने मानले. घरी वाट पाहणाऱ्या प्रत्येक आईला हा अर्थ आधीपासूनच ठाऊक होता.

बावटे आले तरी आपत्ती टळल्या नाहीत. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. नोव्हेंबर १९४८ मध्ये खुद्द मुंबईस वादळाचा तडाखा बसला. नोव्हेंबर २००९ च्या ‘फयान’ने किनाऱ्यावरील अनेक मच्छीमार कुटुंबांवर तीच वाट पाहण्याची पाळी आणली.

३ जून २०२० चे ‘निसर्ग’ वादळ आपणांपैकी बहुतेकांना आठवतच असेल. या वेळी उपग्रहांमुळे त्याची वाट दोन-तीन दिवस आधी कळली होती आणि किनाऱ्यावरील हजारो लोकांना सुरक्षित जागी हलविले गेले. परंतु महामारीच्या टाळेबंदीमुळे मुंबईच्या मुलांना गावी जाता येईना. दुपारी अलिबागच्या दक्षिणेस ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने वादळ किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौले व पत्रे उडाले. त्यानंतर वीज गेली, भ्रमणध्वनीचे मनोरे बंद पडले, आणि कित्येक घरांतील वृद्ध आईबापांचा आवाज अनेक दिवस ऐकू आला नाही. १८८८ साली समुद्राने वार्ता गिळली. २०२० साली हाती यंत्र असताना ती अडकली. बंदरावर न चढविलेला अकरावा बावटा त्या आठवड्यात मुंबई-ठाण्याच्या घराघरांत चढला होता.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. पूर्वी वादळाची खबर वादळ होऊन गेल्यावर येई. काळजी करण्यावाचून काही हाती नसे. आता आपणांस दोन-तीन दिवस मिळतात. ते दिवस दूरचित्रवाणीसमोर बसून घालवावयाचे की कामी लावावयाचे, हे आपल्या हाती आहे. गावी एकटे राहणाऱ्या वृद्धांची वाडीवार यादी असावी. शेजारचे पक्के घर कोणाचे, कोणी कोणास तेथे न्यावयाचे, औषधे व पिण्याचे पाणी किती साठवावयाचे, हे आधी ठरलेले असावे. विशेषतः फोन बंद पडल्यास कोणी कोणाच्या दारी जाऊन पाहावयाचे व निरोप कोणत्या गावातून पुढे धाडावयाचा, हे पावसाळ्यापूर्वीच, म्हणजे मेच्या आरंभी, आणि पुन्हा दिवाळीपूर्वी निश्चित व्हावे.

ज्ञातीच्या संस्था विद्यार्थ्यांना साह्य देण्यासाठी, अडीअडचणीस धावून जाण्यासाठी निघाल्या. हे कार्य त्याच जातीचे आहे. त्यास मोठा निधी लागत नाही, नावे व पत्ते लागतात. प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावच्या घराची व तेथील शेजाऱ्याची माहिती कार्यालयात नोंदवावी, अशी या निमित्ताने सर्व ज्ञातिबंधुभगिनींस विनंती आहे.