अशोकवनातून दिसणारं रामायण

रामायण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी हवेत धडकणारे बाण येतात. टीव्हीची कृपा. चंद्रावतीच्या रामायणात ते जवळजवळ नाहीतच.

चंद्रावती सोळाव्या शतकातली बंगाली कवयित्री, मैमनसिंग भागातली. आज तो भाग बांगलादेशात येतो. वडील द्विज बंशीदास, मनसामंगलचे कवी. मुलीने रामाची गोष्ट सांगायला घेतली आणि सुरुवात केली सीतेच्या जन्मापासून. रावण दुसऱ्या बायकांत रमलेला, म्हणून मंदोदरी विष पिते. मरत नाही, तिला एक अंडं होतं. ते समुद्रात सोडलं जातं आणि एका गरीब कोळ्याला सापडतं. त्याच्या बायकोचं नाव सता, म्हणून मुलगी सीता!

पुढे अयोध्येत सीता मैत्रिणींना आपली बारा महिन्यांची दुःखं सांगते. लंकेचं युद्ध तिच्या बोलण्यात येतं तेवढंच. मग कैकेयीची मुलगी कुकुया तिच्याकडून पंख्यावर रावणाचं चित्र काढून घेते, ते झोपलेल्या सीतेच्या अंगावर ठेवते आणि रामाला दाखवते. इथे चंद्रावती थेट रामालाच दोष देते. (आपल्या जात्यावरच्या ओव्यांतही सीतेच्या वनवासामागे सासुरवास करणारी कैकेयीच असते.)

अभ्यासकांनी हे काव्य दुबळं, अपुरं ठरवलं. नवनीता देव सेन यांनी त्याची बाजू घेतली: रामाची कथा शोधत वाचलं तर ते अपुरंच वाटणार. मला हे पटतं. अशोकवनात कोंडलेल्या बाईला रणांगण दिसणार तरी किती?